अमेरिकेत तिसऱ्या वर्षी सोरोरिटी: आवडीनिवडीआधी जागांचा हिशेब

अमेरिकेतल्या कॉलेजात 'ज्युनिअर' म्हणजे तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी, त्यामुळे "मी ज्युनिअर आहे, आता सोरोरिटीत घेतील का?" हा प्रश्न फोनवर ऐकणाऱ्या आईबाबांचा आधी शब्दातच गोंधळ होतो. पहिल्या वर्षाची फ्रेशमन, दुसऱ्या वर्षाची सोफमोर, मग ज्युनिअर आणि शेवटी सीनियर. शेवटच्या दोन वर्षांना अपरक्लासमन म्हणतात. सोरोरिटीच्या हिशेबात मात्र बऱ्याच ठिकाणी सोफमोरलाही त्यातच धरतात.

सोरोरिटी म्हणजे ग्रीक अक्षरांचं नाव लावणारी, मुलींची, आजन्म सभासदत्वाची संस्था. वर राष्ट्रीय संघटना, खाली विद्यापीठागणिक तिची शाखा, म्हणजे चॅप्टर. दर आठवड्याची सभा, वर्गणी, एखाद्या सामाजिक कामासाठी निधी, मोठ्या विद्यापीठांत राहायला स्वतःचं घर. थोडं हॉस्टेल, थोडं महिला मंडळ, आणि नोकरीच्या वेळी उपयोगी पडणारा गोतावळा, असं काहीसं मिश्रण समजा.

"पहिल्या वर्षी नाही गेलीस तर संपलं" असं कॅम्पसवर सर्रास सांगतात. असा सरसकट नियम कुठेच नाही. डार्टमथसारख्या कॉलेजात तर पहिल्या वर्षी प्रवेशच देत नाहीत, सगळं सोफमोर झाल्यावर सुरू होतं. तरीही बहुतेक मोठ्या कॅम्पसवर तिसऱ्या वर्षाच्या मुलीला पहिल्याच फेरीत नकार येतो आणि ती समजते, आपण आवडलो नाही. खरं कारण बहुतेकदा आकड्यांत असतं.

कोटा आणि टोटल

सोरोरिट्यांची सगळ्यात मोठी छत्रसंस्था म्हणजे नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स. 1902 साली स्थापन झालेल्या या संस्थेत 26 सोरोरिट्या आहेत. सिनेमात आणि ऑगस्टमधल्या अलाबामा विद्यापीठाच्या इन्स्टाग्राम रील्समध्ये दिसते ती यांचीच भरती. लोक तिला अजून 'रश' म्हणतात, कागदोपत्री ती 'प्रायमरी रिक्रूटमेंट'. सगळ्या चॅप्टरना भेटी, मग निवडक चॅप्टरना भेटी, असं गाळत गाळत शेवटी एक-दोन उरतात. त्या शेवटच्या फेरीला 'प्रेफरन्स' म्हणतात. दुसऱ्या दिवशी 'बिड' हातात. बिड म्हणजे लिलावातली बोली नव्हे, सभासदत्वाचं आमंत्रण.

आता हिशेब. समजा कॅम्पसवर 8 चॅप्टर आहेत आणि शेवटपर्यंत 400 मुली टिकल्या. प्रत्येक चॅप्टरने साधारण 50 घ्यायच्या. हा झाला कोटा. दुसरा आकडा टोटल: एका चॅप्टरमध्ये नव्या-जुन्या मिळून जास्तीत जास्त किती सभासद, त्याची मर्यादा. ती कॅम्पसवरच्या चॅप्टरांच्या सरासरी किंवा मध्यम आकारावरून ठरते आणि दर सत्रात नव्याने काढतात. टोटल 120 ठरली आणि एका चॅप्टरमध्ये भरतीनंतर 134 जणी असल्या, तर वर्षाच्या मध्ये तिथे एकही जागा नाही. शेजारच्या चॅप्टरमध्ये 112 असल्या, तर आठ जागा रिकाम्या. उशिरा येणाऱ्या मुलीने लक्ष ठेवायचं ते या आठ जागांवर.

पन्नासच्या कोट्यात चॅप्टर पहिल्या वर्षाच्या मुली का धरतं? पैशाचा भाग सरळ आहे: फ्रेशमन आठ सत्रं वर्गणी भरते, ज्युनिअर चार. पण त्याहून मोठं कारण घरातल्या खाटा. साठ खाटांचं घर असेल तर ते दर ऑगस्टला भरलंच पाहिजे, नाहीतर घराचा खर्च उरलेल्यांच्या डोक्यावर बसतो. पहिल्या वर्षी आलेली मुलगी दुसऱ्या वर्षी घरात राहायला जाते, तसा करारच असतो. ज्युनिअरने मात्र बाहेरच्या फ्लॅटचा वर्षभराचा भाडेकरार आधीच करून ठेवलेला असतो. विद्यापीठांच्या गावांत हे करार आदल्या शरदातच होतात. त्यामुळे ती कितीही गोड बोलली तरी खाट रिकामीच.

त्यात पहिल्या फेरीला एका मुलीशी बोलायला मिळतात काही मिनिटं, आणि पुढच्या फेरीला किती जणींना बोलवायचं याचे आकडे वरून येतात. मागणी जास्त असलेल्या चॅप्टरला एका रात्रीत शेकडो नावं कमी करावी लागतात. एवढ्या घाईत समोर दिसतं ते वर्ष आणि जीपीए, म्हणजे चारपैकी मोजलेली गुणांची सरासरी.

काही विद्यापीठांत यावर उतारा म्हणून वरच्या वर्षांच्या मुलींसाठी वेगळा कोटा ठेवतात. म्हणजे ज्युनिअरला घेतलं म्हणून फ्रेशमनची जागा जात नाही. तुमच्या कॅम्पसवर असा कोटा आहे का, हे नोंदणी शुल्क भरण्याआधी 'फ्रॅटर्निटी अँड सोरोरिटी लाइफ' कार्यालयात विचारा. उत्तर "हो" आलं तर मोठ्या भरतीत उतरण्यात अर्थ आहे. "नाही" आलं आणि कॅम्पस दक्षिणेतला, गर्दीचा असला, तर आमचं मत असं की तो आठवडा उन्हात उभं राहण्यापेक्षा पुढचा रस्ता बरा.

मधल्या काळातली भरती

ज्या चॅप्टरची टोटल भरलेली नाही त्यांना वर्षभर केव्हाही मुली घेता येतात. याला 'कंटिन्युअस ओपन बिडिंग', बोलीत सीओबी म्हणतात. फेऱ्या नाहीत, गणवेशासारखे कपडे नाहीत. सगळ्यात चांगला काळ दोन वेळा येतो. एक, मोठी भरती संपल्यावरचे दोन-तीन आठवडे. कोटा न भरलेली चॅप्टर बिड वाटल्या त्याच दिवशी उरलेल्या जागा भरू लागतात, त्याला 'स्नॅप बिड' म्हणतात. दोन, जानेवारी. डिसेंबरमध्ये काही सीनियर पदवी घेऊन बाहेर पडतात, काही मुली संस्था सोडतात आणि जागा मोकळ्या होतात.

करायचं काय, ते क्रमाने. आधी कार्यालयाला किंवा कॅम्पसच्या पॅनहेलेनिक कौन्सिलला दोन ओळींची ईमेल: या सत्रात कोणकोणती चॅप्टर सीओबी करत आहेत, आणि कॉलेजची किमान जीपीए अट किती. फ्रेशमनला शाळेचे गुण चालतात, तुम्हाला नाही. तुमची कॉलेजची गुणपत्रिकाच बघतात, आणि अट बहुतेक ठिकाणी 2.5 ते 3.0 च्या दरम्यान असते. एका वाईट सत्रामुळे 2.48 झाला असेल तर चॅप्टरच्या मुलींनी कितीही ठरवलं तरी त्यांचे हात बांधलेले असतात, तेव्हा आधी तो वर आणा. मग त्या चॅप्टरांच्या इन्स्टाग्राम पानावरचा इच्छुकांचा फॉर्म भरा. आणि वर्गातली, प्रयोगशाळेतली, डान्स टीममधली एखादी सभासद ओळखीची असेल तर तिला सरळ सांगा. सीओबीत नावं बहुतेक अशीच पुढे जातात. लाजून गप्प बसलात तर कुणी शोधत येत नाही.

चारपाच दिवसांत मेसेज येतो: कॉफीला भेटू या. दोघी येतात. एकीच्या फोनवर तुमचं नाव, वर्ष, मुख्य विषय आधीच उघडा असतो. तासाभराच्या गप्पांत त्या खरं तर एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात: आत्ताच का? पहिल्या वर्षी अभ्यासक्रम जड होता, बदली होऊन आले, ट्रॅक टीममध्ये होते, घरून पैशाची सोय नव्हती, यातलं काहीही चालतं. चालत नाही ती माफी मागण्याची सुरावट, आणि "मैत्रिणी नाहीत म्हणून" हे एकमेव कारण. त्यांना भीती दुसरीच असते: ही रविवारच्या सभेला येईल की बायोडेटावर एक ओळ चढवून गायब होईल? म्हणून दोन वाक्यांत कारण सांगा आणि तिसऱ्या वाक्यात पुढच्या तीन सत्रांत काय करायचं आहे ते सांगा. "निधीच्या कार्यक्रमाचा जमाखर्च मी बघू शकते" यासारखं ठोस वाक्य समोरची लिहून घेते.

तुम्हीही विचारा. बाहेर राहून सभासद होता येतं का? न राहणाऱ्यांना घराचं शुल्क किती? पदाधिकाऱ्यांची निवड केव्हा होते? बऱ्याच चॅप्टरांत ती नोव्हेंबरच्या आसपास होते आणि पदं जानेवारी ते डिसेंबर असतात. म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरात आलेल्या मुलीला नियम आड आला नाही तर एक पद मिळू शकतं, जानेवारीत आलेलीची वेळ बहुधा गेलेली असते.

सही करण्याआधी

उशिरा येणाऱ्या मुलींचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून जरा थांबून वाचा.

मोठ्या भरतीत प्रेफरन्सची शेवटची भेट संपली की त्याच दिवशी लॅपटॉपवर एक करार भरायचा असतो. त्याचं लांबलचक नाव सगळ्याजणी आद्याक्षरांनी घेतात: एमराबा. त्यात ज्या चॅप्टरांना शेवटची भेट दिली त्यांची नावं पसंतीच्या क्रमाने लावायची आणि सही करायची. सही म्हणजे वचन: यादीतल्या कुणाचीही बिड आली तर मी स्वीकारीन. बिड आली आणि तुम्ही नाकारली, तर त्या कॅम्पसवरच्या 26 पैकी कुठल्याच सोरोरिटीत पुढची मोठी भरती सुरू होईपर्यंत तुम्हाला घेता येत नाही. फ्रेशमनच्या बाबतीत याचा अर्थ एक वर्ष वाया. ज्युनिअरच्या बाबतीत पुढची भरती येते तेव्हा ती सीनियर झालेली असते, म्हणजे खेळ जवळपास संपलाच.

म्हणून नियम साधा आहे: जिथे मनापासून जायचं नाही ते नाव यादीत लिहू नका. पण त्याची किंमतही माहीत असू द्या. दोन चॅप्टरांनी बोलावलं असताना एकाचंच नाव लिहिलंत तर जागेची हमी जाते. दोन्ही लिहिणाऱ्या मुलीला, भरतीभर आलेली सगळी आमंत्रणं तिने स्वीकारलेली असली तर, कोटा ओलांडूनही बसवण्याची सोय आहे. एकच लिहिणारीला ती नाही. आणि दोन्ही नकोशी असतील तर सहीच करू नका, माघार घ्या. सही न करणारी आणि सही करूनही बिड न आलेली, या दोघीही दुसऱ्या दिवसापासून सीओबीला मोकळ्या असतात. फास बसतो तो सही करून नकार देणारीला. सीओबीत बिड स्वीकारताना होणाऱ्या सहीलाही असंच बंधन असतं, तेव्हा "बघू, नाही आवडलं तर शेजारच्या चॅप्टरला जाऊ" हा विचार करू नका.

बिड स्वीकारल्यावर काही आठवडे 'न्यू मेंबर' म्हणून जातात, मग दीक्षाविधी होतो, ज्याला इनिशिएशन म्हणतात. त्याआधी सोडलं तर पुढच्या मोठ्या भरतीपर्यंत थांबायचं. त्यानंतर सोडलं तर या 26 पैकी दुसऱ्या कुठल्याही संस्थेत कधीच जाता येत नाही, दुसऱ्या विद्यापीठात गेलात तरी नाही. बदली होऊन आलेल्या मुलींनी हे खास लक्षात ठेवावं. आधीच्या कॉलेजात इनिशिएशन झालं असेल तर तुम्ही उमेदवार नाही, सभासदच आहात. नव्या कॅम्पसवर त्याच संस्थेचं चॅप्टर असेल तर तिथे जोडून घ्यायची विनंती करायची.

पैसे

वर्गणीचे आकडे कॅम्पसनुसार इतके बदलतात की सत्राला काही शे डॉलरपासून काही हजारांपर्यंत काहीही असू शकतं. तेव्हा लेखी तक्ताच मागा आणि त्यात हे वेगळे पाडून घ्या: न्यू मेंबर शुल्क, इनिशिएशन, बॅज, राष्ट्रीय वर्गणी, चॅप्टरची वर्गणी, घराचं शुल्क, जेवण. टी-शर्ट, भेटवस्तू, औपचारिक पार्टीची तिकिटं तक्त्यात बहुधा नसतात, पण खिशातून जातात. पहिली तीन कलमं एकदाच भरायची असतात, आणि तिथेच उशिरा येणं महाग पडतं. समजा ती मिळून 600 डॉलर झाली. आठ सत्रं राहणारीला सत्रामागे 75 पडले, तीन सत्रं राहणारीला 200. हप्ते करून देतात, मागावे लागतात.

एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलींसाठी एक सूचना. सभासद होण्याला व्हिसाची आडकाठी नाही. पण घराच्या व्यवस्थापक वगैरे पदांना कधी कधी खोलीभाड्यात सूट मिळते, आणि कामाच्या बदल्यात मिळणारी अशी सूट नोकरीत मोजली जाऊ शकते. पद घेण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारा.

आत गेल्यावरचं अवघडलेपण

तुमच्या तुकडीतल्या बाकीच्या मुली अठराच्या, तुम्ही वीस-एकवीसच्या. प्रत्येक नवीला एक 'बिग', म्हणजे थोरली बहीण नेमून देतात. ती तुमच्याहून वर्षभराने लहान असू शकते. एकत्र कुटुंबात पुतण्याहून धाकटी काकू असते आणि तरी नमस्कार तिलाच करायचा, तसं हे. चार दिवसांत सवय होते.

गंमतीपलीकडची गोष्ट दारूची. अमेरिकेत कायदेशीर वय 21. तुकडीत एकवीस पूर्ण झालेल्या तुम्ही एकट्याच असाल, तर "जरा आणून देशील का?" ही विनंती येणारच. अल्पवयीनांना दारू आणून देणं हा गुन्हा आहे. पकडलं गेल्यावर तुमच्या व्हिसाचं आणि पदवीचं काय होईल, याची चिंता मागणाऱ्या मुलीला नसते.

जिथे उशीर हा उशीर नसतो

कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या ऐतिहासिक संस्थांची छत्रसंस्था वेगळी आहे: नॅशनल पॅन-हेलेनिक कौन्सिल, स्थापना 1930, हॉवर्ड विद्यापीठ. तिच्या नऊ संस्थांपैकी चार सोरोरिट्या: अल्फा कप्पा अल्फा (1908), डेल्टा सिग्मा थीटा (1913), झीटा फाय बीटा (1920) आणि सिग्मा गॅमा ऱ्हो (1922). इथे अर्ज करण्याआधी कॉलेजचे काही क्रेडिट पूर्ण असावे लागतात, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येणं हीच रीत. माजी उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस हॉवर्डमध्ये अल्फा कप्पा अल्फात आल्या त्या 1986 साली, पदवीच्या वर्षीच. प्रक्रियेला 'इनटेक' म्हणतात: माहितीची सभा, गुणपत्रिका, शिफारसपत्रं, समाजसेवेची नोंद, मुलाखत. अडचण अशी की प्रत्येक चॅप्टर दरवर्षी इनटेक करेलच असं नाही. आणि आपल्या इच्छेचा गाजावाजा करणं इथे वाईट दिसतं. कार्यक्रमांना जायचं, कामाला हात लावायचा, बोभाटा करायचा नाही.

मराठी घरांतल्या मुलींना जवळच्या वाटतात त्या दक्षिण आशियाई सोरोरिट्या. त्यांतल्या तीन एकाच वर्षी, 1998 मध्ये निघाल्या: ऑस्टिनच्या टेक्सस विद्यापीठात कप्पा फाय गॅमा, ह्यूस्टन विद्यापीठात डेल्टा फाय ओमेगा आणि न्यूयॉर्क राज्यात सिग्मा सिग्मा ऱ्हो. डेल्टा कप्पा डेल्टा 1999 ची, टेक्सस ए अँड एमची. चॅप्टर लहान, बहुतेकांना घर नाही, म्हणजे खाटांचं गणितही नाही. त्यामुळे वरच्या वर्षांच्या मुली सहज घेतात. पण आठ-दहा जणींच्या गटात गैरहजेरी लपत नाही, वेळ भरपूर द्यावा लागतो. इंजिनिअरिंगवाल्यांसाठी आणखी दोन नावं: मार्क्वेट (Marquette) विद्यापीठात 1983 साली सुरू झालेली अल्फा ओमेगा एप्सिलॉन आणि पर्ड्यूमध्ये 1984 साली सुरू झालेली फाय सिग्मा ऱ्हो.

संस्था कुठलीही असो, नव्या मुलींना रात्र रात्र जागवणं, फोन काढून घेणं, "घरी सांगायचं नाही" असं बजावणं, जुन्यांची कामं करायला लावणं, याला हेझिंग म्हणतात. हे आपल्याकडच्या रॅगिंगचंच भावंड आहे आणि बहुतेक राज्यांत बेकायदा आहे. डिसेंबर 2024 मध्ये झालेल्या 'स्टॉप कॅम्पस हेझिंग' कायद्यानुसार दोषी ठरलेल्या संस्थांची माहिती विद्यापीठाला संकेतस्थळावर जाहीर करावी लागते. सही करण्याआधी त्यात त्या चॅप्टरचं नाव शोधायला पाच मिनिटं लागतात.

आणि सीनियर वर्षही हातचं गेलं असेल तर? पॅनहेलेनिकच्या काही संस्था पदवीनंतर 'अ‍ॅलम्नी इनिशिएट' म्हणून बायकांना घेतात, पण त्यासाठी बहुतेक ठिकाणी आधीच्या सभासदाने नाव सुचवावं लागतं. वर सांगितलेल्या चार कृष्णवर्णीय सोरोरिट्यांची पदवीधरांची स्वतंत्र चॅप्टर शहराशहरांत आहेत. तिथे नोकरी करणाऱ्या, मुलंबाळं असलेल्या बायकाही नव्याने दाखल होतात, आणि काम तर खरं त्यानंतरच सुरू होतं असं त्या मानतात.